पुरलेली फौज खेळायला नव्हती

संपादक साहेब, चीनची मातीची फौज म्हटलं की सगळे शिआनच्या त्या माणसाएवढ्या पुतळ्यांकडेच धावतात, पण शिआनजवळच्याच यांगजियावान गावचं कुणी नावच घेत नाही, तिथे १९६५ मध्ये हान राजघराण्याच्या काळातले (दोन हजार वर्षांपूर्वीचे) अडीच हजारांच्या आसपास छोटे शिपाई सापडले, त्यात ५८३ नुसते घोडेस्वार, आणि पायदळातला गडी जेमतेम हातभर उंच. काहींना हा वॉरगेमचा, म्हणजे सोंगट्यांनी लढाई मांडून खेळायच्या खेळाचा, उगम वाटतो, मला नाही पटत बुवा, मेलेल्या माणसासाठी पुरलेलं सैन्य हलवणार कोण? उगम शोधायचाच तर त्यापेक्षा मोझी या जुन्या चिनी विचारवंताची गोष्ट बघा ना, चू राज्याच्या राजासमोर कमरेचा पट्टा सोडून त्याचीच तटबंदी मांडली, काटक्यांची यंत्रं केली, राजाचा यंत्रं बनवणारा कारागीर गोंगशू बान याने त्या मांडावर नऊदा हल्ला केला नि नऊही वेळा आपटला, शेवटी चूच्या राजाने शेजारच्या सोंग राज्यावरची स्वारीच रद्द केली. ज्याला वॉरगेमचा मूळ नमुना म्हणतात ते प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) सैन्याचं क्रीगस्पील तर पार १८२४चं.

- एक वाचक, सातारा