फी माफ झाली, इंटर्नशिपचा खर्च कोण देणार? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्या मुलींपैकी मी एक. घर देवगड तालुक्यात, वडिलांची थोडी हापूसची कलमं, आणि नुकतीच यंत्र अभियांत्रिकीची पदवी पूर्ण झालेली. शेवटची दोन वर्षं मी त्या निर्णयामुळे निर्धास्तपणे शिकले. त्याबद्दल मनापासून आभार मानते आणि उरलेली एक गोष्ट मागते.

आमच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. म्हणजे ती केल्याशिवाय पदवी हातात येत नाही. ती चांगल्या ठिकाणी करायची तर आमच्याकडच्या मुलांना घर सोडावंच लागतं. त्या राहण्या-जेवणाचा खर्च मात्र घरच्यांवर पडतो.

मला विमानाच्या सुट्या भागांचं काम शिकायचं होतं. महाराष्ट्रात ते कमी नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिग आणि सुखोई-३० ही लढाऊ विमानं बांधली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तेजस लढाऊ विमानं बांधणाऱ्या नव्या लाइनचं उद्घाटन झालं. नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांची देखभाल होते. विक्रोळीला गोदरेज इस्रोच्या रॉकेटांसाठी विकास इंजिन घडवतं, वालचंदनगरला इस्रोच्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची आवरणं बनतात. आमच्याकडे चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे, रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. पण विमानाचा भाग घडवणारा कारखाना सिंधुदुर्ग-रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत मला शोधूनही सापडला नाही. शेवटी जागा मिळाली ती पुण्याजवळ.

तिथे काय शिकले ते थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे. सुरुवातीला मला मशीनजवळ जाऊ दिलं नाही, कागद वाचायला दिले. ७०७५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक हाताएवढा ब्रॅकेट, पण धातू कुठल्या हीटमधून (वितळवलेल्या घाण्यातून) ओतला गेला, त्याची उष्णता-प्रक्रिया कुठल्या भट्टीत झाली, कुणी तपासून सही केली, हे सगळं त्याच्याबरोबर फिरतं. कागद हरवला तर मापात अचूक असलेला भागही बाद. मग फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, म्हणजे पहिल्या बनलेल्या भागाची पूर्ण तपासणी : ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि प्रत्येक टिपेला नंबर द्यायचा, एकेक मोजायचं, नोंदवायचं. डाय पेनिट्रंटच्या (चिरेत शिरणाऱ्या चमकत्या रंगाने तपासण्याच्या) अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली डोळ्यांना कधी दिसली नसती अशी चीर हिरवी-पिवळी चमकताना पाहिली. शिफ्ट संपताना हत्यारांच्या बोर्डवरची एक खाच रिकामी दिसली, तर ती ॲलन की सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. हे पुस्तकात वाचून कळतं, अंगात मात्र येत नाही.

शेजारच्या विभागात कार्बन फायबरचं काम चाले. आमच्या बंदरावर फायबरची होडी बांधताना मॅटवर ब्रशने रेझिन चढवतात आणि रोलरने हवा काढतात. इथे रेझिन मुरवलेलं कापड उणे १८ अंशांना साठवून ठेवतात, थर लावून व्हॅक्यूम बॅगेत घालतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाब-उष्णता देतात. चिंता दोन्हीकडे तीच, थरांमध्ये हवा राहता कामा नये. देवगड-मालवणच्या किती मुलांनी हे काम लहानपणापासून पाहिलंय! त्यांना या क्षेत्रात आणायला फार मोठा पूल बांधावा लागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पण ती तिथवर पोचत नाहीत. कंपनीने जेवण आणि बस दिली, स्टायपेंड नव्हता. इंटर्नशिप सुरू होते जानेवारीत. आंबा बागायतदाराच्या घरात तेव्हा मोहोरावर फवारण्या चालू असतात, औषधांची उधारी वाढत असते, आणि पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, तोही मोहोर टिकला तर. त्याच जानेवारीत कॉट बेसिसच्या खोलीचं डिपॉझिट कुठून आणायचं? मी जाऊ शकले कारण माझी आत्या पिंपरीत राहते. राजापूरच्या माझ्या एका मैत्रिणीची निवड माझ्याआधी झाली होती, तिचे गुणही माझ्यापेक्षा जास्त. तिचं पुण्यात कुणी नाही. तिने घरी बसून एक ऑनलाइन कोर्स केला आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र जोडलं. गुणपत्रिकेवर आम्हा दोघींचे श्रेयांक सारखेच दिसतात.

सरकारी योजना मी सगळ्या तपासल्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या नियमांत पूर्णवेळ विद्यार्थी वगळलेले होते. पदवीधरांच्या शिकाऊ उमेदवारीत किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा केंद्र उचलतं, पण अभियंत्यांना तिचा उपयोग मुख्यतः पदवीनंतर. ज्या सहा महिन्यांत विद्यापीठच आम्हाला बाहेर पाठवतं, नेमके तेच महिने मोकळे सुटलेत.

तेव्हा विनंती अशी. ज्या जिल्ह्यात त्या शाखेचा उद्योग नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपच्या महिन्यांसाठी निर्वाह भत्ता द्यावा. नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर चालतेच, तिच्यातच याची सोय करता येईल. फक्त पैसे आधी मिळावेत. बिलं जोडून वर्षाने मिळालेला भत्ता डिपॉझिट भरायला उपयोगाचा नाही. पुणे, नाशिक, नागपूरच्या शासकीय वसतिगृहांत बाहेरगावच्या इंटर्नसाठी, विशेषतः मुलींसाठी, काही खाटा राखून ठेवाव्यात. तिथली शेवटच्या वर्षाची मुलंही त्याच काळात बाहेर पडतात, तेव्हा जागा निघू शकेल. आणि संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कारखान्यांत पोलीस पडताळणीशिवाय प्रवेश नाही, म्हणून कॉलेजांनी त्या पडताळणीसाठी लागणारी पत्रं दिवाळीआधीच द्यावीत, असं एक परिपत्रक काढावं.

माझी इंटर्नशिप झाली, मला यातून आता काही मिळायचं नाही. पुढची बॅच जानेवारीत बाहेर पडेल. भत्त्याचा शासन निर्णय नोव्हेंबरपर्यंत निघाला, तर त्यांना वेळेत अर्ज भरता येतील.

आपली नम्र,
देवगड तालुक्यातली एक यंत्र अभियंता