मशीन आहे हो, पण कुलपात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांवर हल्ली तुमच्याकडे दर दोन दिवसांनी काहीतरी छापून येतं. मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आता आमच्या सोसायटीतल्या काकूसुद्धा लिफ्टमध्ये मला डोस विचारतात. पण वजन उतरलं म्हणजे नेमकं काय उतरलं हे कुणी विचारत नाही, आणि ते मोजायची मशीन असूनही वापरायला मिळत नाहीत, हे पत्र त्याबद्दल. वेगोव्हीच्याच मोठ्या ट्रायलमध्ये 140 जणांचं डेक्सा स्कॅन (शरीरात चरबी किती, बाकी किती हे दाखवणारा एक्स-रे) केलं होतं, तर घटलेल्या वजनातला साधारण 40 टक्के भाग चरबी नव्हताच, लीन मास होता (म्हणजे चरबी सोडून बाकीचं, पण सगळाच स्नायू नव्हे, त्यात पाणीही धरतात).

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण मुळात आपला स्नायूच कमी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो फोटो आठवा, 2004 साली लॅन्सेटमध्ये आलेला. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिनांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाट्यावर दोघं सारखेच, फरक कळला तो डेक्सामुळे.

मी ठाण्यात 18 वर्षं डाएटिशियन आहे. पेशंटला 1400 कॅलरी लिहून देते तो आकडा, शरीर नुसतं पडून असताना किती कॅलरी जाळतं यावरून ठरतो, आणि तेही फॉर्म्युल्यातून येतं, मोजून नाही. आणि 1985 पासून जगभर जो फॉर्म्युला चालतो, स्कोफिल्डचा, त्याच्या डेटातली जवळपास निम्मी मापं इटालियन लोकांची आहेत! आपल्या आयसीएमआरने हे ओळखून भारतीयांसाठी त्यातून 5 टक्के कमी धरायला सांगितलं, म्हणजे इटलीच्या मापाचे कपडे घेतले आणि टेलरकडून थोडे आत घेतले, असंच झालं की.

खरं मोजायचं तर रात्रभर उपाशी, सकाळचा चहासुद्धा नाही, पेशंटला आडवं करून डोक्यावर पारदर्शक हूड ठेवायचं, अर्धा तास ऑक्सिजन किती घेतला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला ते बघायचं, त्यावरून जळलेल्या कॅलरी काढायच्या. सोपं वाटतं, पण गॅसचं कॅलिब्रेशन चुकलं की सगळं वाया. चार वर्षांपूर्वी पीएचडीसाठी मला 60 पेशंटचं हे माप हवं होतं. एका संस्थेत (नाव नको) मशीन होतं, ग्रँटमधून आलेलं, वर प्लॅस्टिकचं कव्हर, ग्रँट संपली तशी एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली, सेन्सर बदलला नाही, टेक्निशियन काँट्रॅक्टवर होता तो सोडून गेला, आणि बाहेरच्या माणसाला वापरू द्यायचं तर सही कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही. आठ महिने फेऱ्या मारल्या, शेवटी थीसिसमध्ये फॉर्म्युलाच वापरला. गाइड म्हणाले, सगळे तेच करतात.

अमेरिकेत याची व्यवस्था वेगळी आहे. तिथली सरकारी एनआयडीडीके ही संस्था डझनभर ठिकाणी न्यूट्रिशन ओबेसिटी रिसर्च सेंटर्स चालवायला पैसा देते, अलाबामा, कोलोरॅडो, लुइझियानातलं पेनिंग्टन वगैरे. ग्रँट एका प्रोफेसरच्या टेबलासाठी नसते, सामायिक लॅबसाठी असते. संशोधक आपला प्रोजेक्ट घेऊन येतो, आणि माणसाला चोवीस तास ठेवायची श्वासमापक खोली (पलंग, टॉयलेट, सायकल, जेवण झडपेतून आत), डेक्सा, दर पाच मिनिटांनी साखर बघत तासन् तास चालणारा इन्सुलिन क्लॅम्प (शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते मोजायची चाचणी), हे सगळं तिथला कायम स्टाफ करतो. सगळ्यांची मापं त्याच मशीनवर त्याच पद्धतीने होतात म्हणून एकमेकांशी जुळवता येतात. इथे दोन कंपन्यांच्या डेक्सावर एकाच माणसाची चरबी वेगवेगळी येते आणि आपण दोन पेपर शेजारी ठेवून वाद घालत बसतो.

हे अमेरिकेलाच परवडतं असं म्हणू नका. बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये अशी खोली आहे, आयसोटोपवाल्या पाण्याच्या (रोजच्या जगण्यात किती कॅलरी जळतात ते मोजायच्या) चाचण्याही होतात. त्या चाचणीत तर पेशंटने ते पाणी प्यायचं आणि पुढचे एकदोन आठवडे लघवीचे नमुने द्यायचे, बस, म्हणजे माणूस घरी, नमुना कुरियरने. तेव्हा जे पाठवता येतं त्यासाठी दर शहरात मास स्पेक्ट्रोमीटर (नमुन्यातले आयसोटोप मोजणारं मशीन) कशाला हवा? हूड आणि डेक्साला मात्र माणूस स्वतः जावा लागतो, ते मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरला हवेत, आणि सगळ्यांना खुले.

यंत्रं वाटून वापरायची सवय आपल्याला नाही असंही नाही. पवईच्या आयआयटीत सैफ हे महागड्या तपासणी-यंत्रांचं सामायिक केंद्र आहे, बाहेरचे लोक सॅम्पल देतात, फी भरतात, रिपोर्ट घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. 2020 पासून आय-स्टेम पोर्टलही आहे, देशभरची मशीन्स एका यादीत. पण धातूचा तुकडा दहा ते पाच कधीही तपासता येतो, उपाशी माणूस सकाळी सातला येतो, त्याला नर्स लागते, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि सातला दार उघडणारा टेक्निशियन लागतो. त्याचा पगार कुठल्याच ग्रँटमध्ये बसत नाही. मशीनला कोटभर मंजूर करणाऱ्यांनी त्याच फाइलमध्ये पाच वर्षांची एएमसी आणि या एका माणसाची पोस्ट टाकली तर माझ्यामागून पीएचडी करणाऱ्या पोरींना निदान हूडखाली पेशंट झोपवता येईल. माझे 60 पेशंट अजून ठाण्यातच आहेत, बोलावलं तर येतील.

– एक डाएटिशियन, ठाणे