रिसेप्शनच्या मेनूबद्दल, निवांत वाच

निखिल,

तू पाठवलेला मेनू बघितला. चाळीसच्या वर आयटम आहेत रे! पास्ता, थाई करी, डोसा, चाट, तीन तऱ्हेचं पनीर, आणि आपली आलू-वांग्याची भाजी कुठाय तर शेवटून दुसऱ्या ओळीत "महाराष्ट्रीयन कॉर्नर"च्या खाली. नागपुरात लग्न आणि आलू-वांगं कॉर्नरमध्ये, मोठेबाबांना दाखवला तर ते येणारच नाहीत.

फोनवर तू घाईत असतोस म्हणून लिहितेय. आधी एक बघ की कोण येणार आहे. साडेपाचशेचा अंदाज धरला तर निम्मे तरी काटोल, उमरेड, भंडाऱ्याकडचे आपले लोक, ते साडेसातला येतील, स्टेजवर आहेर देतील, जेवतील आणि साडेनऊला गाडीत बसतील कारण रात्री परत जायचंय. त्यांना थाई करी दिसली तरी ते वरण-भात शोधतील. तुझे ऑफिसवाले आणि ऋताच्या मैत्रिणी दहाला उगवतील. आणि सगळा घोळ इथेच होतो, पहिल्यांना गर्दी आणि शेवटच्यांना थंड अन्न.

थंड म्हणजे खरंच थंड. तुम्ही पुण्याला राहून विसरलात, डिसेंबरात इथे रात्री पारा 12-13 वर येतो आणि लॉन उघडं. ते चाफिंग डिशचे झाकण प्रत्येक जण उघडून बघतो, खालची वात केव्हाच विझलेली असते, पनीरवर साय धरते, पोळीचं चामडं होतं. चाळीस आयटम गरम ठेवणं कोणालाच जमत नाही, पंधरा जमतात. म्हणून मी म्हणते आयटम अर्ध्याच्या खाली आण आणि तो पैसा वाढणाऱ्या पोरांवर घाल. केटरर हे स्वतःहून कधीच सांगणार नाही कारण त्याचा रेट आयटमवर चढतो, माणसांवर नाही.

माझं सांगते. सुरुवातीला गरम टोमॅटोचं सार, हातात ग्लास धरला की लोक थंडी विसरतात. पाटवडी रस्सा, तर्री, म्हणजे वरचा तिखट तेलाचा तवंग, वेगळी ठेवायची म्हणजे ज्याला झेपेल तो घेईल. आलू-वांगं. सोलेभात तर हवाच, डिसेंबरात तुरीचे ताजे सोले बाजारात येतात, तेव्हा फ्रोजन मटार घातलेला पुलाव कशाला खायचा? वरण-भात, चिन्नोर तांदळाचा, वर तूप. (एक केटरर म्हणाला चिन्नोर हॉटबॉक्समध्ये गोळा होतो. होतो ना, मग थोडा थोडा शिजव की, तेवढ्याचेच पैसे घेतोस.) कढी, पुरी समोर तळून, ऋताच्या लोकांसाठी एक पनीर, लहान पोरांसाठी एक काहीतरी नूडल्स वगैरे तुम्ही ठरवा. गोडात कढईतून निघालेली जिलबी आणि संत्रा बर्फी. आइस्क्रीम ठेवायचं तर ठेवा, पण ते बारा फ्लेवरचं काउंटर नको.

आता दुसरं, आणि याच्यावर मी हटणार नाही. बुफेला माझी ना नाही, पण लॉनच्या डाव्या बाजूला साठेक खुर्च्यांची टेबलं लावून तिथे वाढून द्यायचं. पंगतच, फक्त जमिनीवर नाही. आत्याबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मोठीआईचा हात थरथरतो, त्या एका हातात प्लेट धरून रांगेत उभ्या राहणार का? मागच्या वर्षी एका रिसेप्शनमध्ये बघितलं ना, म्हातारी माणसं खुर्चीवर बसून नातवंडांची वाट बघत होती की कोणीतरी प्लेट भरून आणेल, आणि नातवंडं सेल्फी पॉइंटला. वाढायला आठ पोरं वेगळी सांगायची, आणि ती बुफेवरची उचलून आणलेली नकोत.

केटररचं म्हणशील तर तिघांशी बोललो. ज्याचा मेनू तू पाठवलास त्याने टेस्टिंगला बोलावलं होतं, मस्त होतं, पण चार माणसांसाठी केलेली भाजी कोणाचीही मस्तच होते. दुसऱ्याला बाबा म्हणाले की आम्हाला तुमचं चालू काम बघायचंय, तर त्याने सरळ एका लग्नात मागच्या बाजूने यायला सांगितलं. रात्री साडेदहाला गेलो मुद्दाम. भांडी धुवायला नळाचं वाहतं पाणी होतं, टबात बुचकळणं नव्हतं, आणि पुरीचा घाणा अजून चालू होता. माझं मत त्याच्याकडे. त्याच्या कोटेशनवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर पण आहे, बाकी दोघांनी मागितल्यावर "देतो देतो" केलं.

रेट साडेपाचशे रुपये म्हणतोय पर प्लेट, त्यावर जीएसटी 5 टक्के वेगळा. साडेचारशे प्लेटांची गॅरंटी आणि वर लागल्या तर तयारी ठेवतो म्हणाला. गॅरंटीचा आकडा कमीच सांगायचा, कमी लोक आले तरी तेवढे पैसे जातातच. आणि प्लेटा मोजायला त्याच्या माणसाजवळ आपला माणूस बसवायचा, मामाला सांगितलंय, तो खुशीने बसेल, त्याला तसंही नाचायचं नसतं. बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर यांचं जेवण कशात धरणार ते लिहून घे, यावरूनच शेवटी रात्री बारा वाजता भांडणं होतात.

उरलेल्या अन्नासाठी रॉबिन हूड आर्मीवाल्यांना, ते उरलेलं अन्न नेऊन गरजूंना वाटणारे स्वयंसेवक, आधीच कळवून ठेव, ऐनवेळी फोन केला तर कोण येणार. आणि केटररला सांग की प्लेटमधलं नाही, भांड्यातलं न हात लागलेलं वेगळं काढायचं.

ऋताच्या आईला विचार त्यांच्याकडे कांदा-लसूण न खाणारे किती आहेत. वर्ध्याहून नक्की किती गाड्या येतायत तेही. शुक्रवारपर्यंत आकडा दे, शनिवारी बाबा अ‍ॅडव्हान्स द्यायला जातायत, आणि हो, थाई करीचं तूच त्याला नाही म्हण, मला ते नाव घेता येत नाही.

आई