भाड्याचं घर लावताना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

घराचे फोटो पाहिले. खिडकी पश्चिमेला आहे, हवा छान येत असेल. ‘अकरा महिन्यांचं तर घर, कशाला सजवायचं?’ असं तू आईला म्हणालीस. मला ते पटलं नाही. रोज संध्याकाळी दमूनभागून तू तिथेच येणार आहेस. पैसा मात्र उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर घाल. भिंतीत गेलेला पैसा घरमालकाचा होतो.

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढ. भिंतीवरचे डाग, फुटलेली टाइल, गळका नळ, सगळं मालकांना त्याच दिवशी पाठव, म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही. करार नोंदवलेला आहे ना? महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते.

सगळ्यात आधी दिवे बदल. बैठकीतली ती पांढरीफटक ट्यूब दवाखान्यासारखी दिसते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० किंवा ३००० म्हणजे उबदार पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे पांढरा. झोपायच्या खोलीत पिवळसर लाव, ओट्यावर पांढरा राहू दे, भाजी निवडायला बरा पडतो. कोपऱ्यात एक उभा दिवा ठेवलास तरी खोलीचा नूर पालटेल. जुने बल्ब फेकू नकोस, घर सोडताना परत लावायचे आहेत.

पडदे सुती घे आणि जमिनीपर्यंत येतील असे शिव. खिडकीपुरते आखूड पडदे खोली ठेंगणी करतात. पश्चिमेचं ऊन आहे, म्हणून अस्तर हवंच. चिकटवायचे हुक टाइलवर आणि काचेवर पक्के बसतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलेस तर वजनाने खाली येतील आणि रंगाचा पोपडाही घेऊन येतील. तसबिरींसाठी आधीचे खिळे वापर, नाहीतर टेबलावर भिंतीला टेकवून ठेव.

कपाटाची घाई करू नकोस. जाहिरातीतली ती स्वस्त कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. ओल लागली की फुगतात, आणि एकदा सुटी करून पुन्हा जोडली की स्क्रू धरत नाहीत. जुन्या बाजारातलं लोखंडी कपाट घे. चार घरं फिरलं तरी टिकेल. ते बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, दोन-तीन इंच जागा सोड, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास लागतो. पलंगामागच्या भिंतीवर खाली पिवळट डाग दिसतोय. ती ओल असावी. वरून रंग देऊन ती जात नाही, मालकांना आत्ताच सांग.

रविवारी मी टेप घेऊन येतो. तोवर जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टच्या दाराची रुंदी बघून ठेव. कपाट वर चढतंय का, ते आधी ठरवू.

तुझा,
बाबा