फिल्टर कॉफीसाठी हाताचा ग्राइंडर: मित्रास पत्र

बंगळूर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मिक्सरवर कॉफीच्या बिया फोडणे आता पुरे झाले, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा, असे तू विचारले आहेस. ही वस्तू एकदा घेतली की वर्षानुवर्षे रोज हातात असते, म्हणून नुसते नाव न कळवता सविस्तर लिहितो.

चिकमगळूरच्या चांगल्या बिया आणूनही कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही, असे तू लिहिले आहेस. त्याचे कारण मिक्सरच्या पात्यात आहे. ते पाते बी दळत नाही, आपटून फोडते; त्यामुळे भांड्यात धुळीसारखी पूड आणि मिऱ्याएवढे तुकडे एकत्रच तयार होतात. गरम पाणी धुळीतून सारे काही, अगदी नको असलेला कडूपणासुद्धा, झटपट ओढून घेते आणि जाड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत मात्र पोहोचतच नाही. कॉफी नुसतीच आंबट लागली तर दळण थोडे बारीक करावे, नुसतीच कडू लागली तर जाडसर करावे. पण दोन्ही चवी एकदम येत असतील तर दोष दळणाच्या जाडीत नसून ते एकसारखे नसण्यात आहे, आणि तो कृतीतल्या कोणत्याही फेरफाराने जात नाही.

हाताच्या ग्राइंडरात दातेरी शंकू आणि त्याभोवतीचे दातेरी कडे अशी दळणारी जोडी असते. तिला सगळे ‘बर’ म्हणतात. विकणारे लोक या बरच्या धातूविषयी फार बोलतात, पण मी आधी आस पाहतो. जात्याचा खुंटा सैल झाला की वरची तळी डगमगते आणि पिठात कण्या येतात, हे आपण दोघांनीही लहानपणी पाहिले आहे; इथेही तेच घडते. स्वस्त ग्राइंडरात आसाला वरच्या बाजूलाच काय तो आधार असतो, त्यामुळे बारीक दळताना दोष फारसा जाणवत नाही, परंतु फिल्टरसाठी, म्हणजे कागदी गाळणीतून उतरवायच्या कॉफीसाठी, जाडसर दळायला घेतले की दोन बरांमधली फट वाढते, शंकू डोलू लागतो आणि नेमके तिथेच दळण बिघडते. आसाला दोन ठिकाणी बेअरिंग असलेला ग्राइंडरच बघ. दुकानात दांडा हातात धरून कडेकडेने हलवून पाहिलास तरी बरेचसे समजेल.

सिरॅमिकचे बर गंजत नाहीत आणि कठीण असतात, मात्र त्यांना पोलादासारखी तीक्ष्ण धार देता येत नाही. ते बी कापण्यापेक्षा चुरडतात. फिल्टर कॉफीसाठी मी पोलादी बरचाच आग्रह धरेन.

आता प्रत्यक्ष तुलना. टाइममोअर सी२, किंगग्राइंडर के६ आणि जर्मनीचा कोमांडांटे सी४० हे तिन्ही मी एकाच भाजणीच्या बियांवर वापरून पाहिले. १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी हे प्रमाण, आणि व्ही६० हे कागदी गाळणी बसवायचे शंकूच्या आकाराचे पात्र, कायम ठेवले. दळल्यावर थोडी पूड मैद्याच्या चाळणीतून पांढऱ्या कागदावर चाळली. सी२ ची धूळ कागदावर सर्वांत दाट पडली. इतर दोघांची विरळ होती, आणि त्या दोघांत फरक करणे डोळ्यांना कठीणच होते. पाणी उतरून गेल्यावर सी२ च्या फिल्टरच्या कागदावर बारीक गाळाचा थर बसला होता आणि पाणी शेवटी रेंगाळत होते. चवीत सी२ ची कॉफी गोडसर, भरदार, पण थोडी गढूळ; के६ ची स्वच्छ, संत्र्याच्या सालीसारखा हलका आंबटपणा वेगळा कळणारी; कोमांडांटेची त्याहून किंचित गोलाईदार.

सी२ चा बर ३८ मिलिमीटरचा आहे, के६ चा ४८ चा. मोठ्या बरमुळे के६ मध्ये दळण लवकर होते, दांड्याला मात्र थोडा जोर जास्त लागतो. सेटिंग बदलण्याची सोय मला याहून महत्त्वाची वाटते. सी२ मध्ये खालचे भांडे काढून आतली चकती फिरवावी लागते आणि तिच्या पायऱ्या मोठ्या आहेत. एका पायरीवर पाणी घाईने उतरते आणि पुढचीवर तुंबते, असे क्वचित होते. के६ ची चकती बाहेरच आहे आणि एका टिचकीला, म्हणजे चकती ‘टक’ करून एक पायरी सरकली की, बर सुमारे १६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकतो. कोमांडांटेत हेच अंतर सुमारे ३० मायक्रॉन आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. मिक्सरवरून सी२ वर येणे ही सर्वांत मोठी झेप आहे. तू हलक्या भाजणीच्या बिया घेतोस म्हणून के६ घे; गडद भाजणी घेत असतास तर सी२ च घे म्हटले असते. कोमांडांटे अत्यंत देखणा आणि घडणीने निर्दोष आहे, पण त्याच्या कैकपट किमतीइतका फरक पेल्यात उतरत नाही. ते पैसे ताज्या बियांवर खर्च कर. वहिनींच्या पितळी दाक्षिणात्य फिल्टरसाठीही हाच ग्राइंडर चालेल. दळण व्ही६० पेक्षा बरेच बारीक ठेव, आणि चिकोरी घालणार नसाल तर आणखी थोडे बारीक, कारण चिकोरीविना पाणी भराभर खाली उतरते.

दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलव. पूड भांड्याला चिकटत नाही, कारण दळताना घर्षणाने निर्माण होणारी स्थिर वीज ओलाव्याने कमी होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. थेंबापलीकडे मात्र पोलादी बरला पाणी लावू नकोस, कोरड्या कुंचल्याने झाडत जा.

के६ आला की बर पूर्ण बंद करून तिथे शून्य धर आणि व्ही६० साठी १०० टिचक्यांपासून सुरुवात कर. सारे पाणी उतरायला अडीच ते तीन मिनिटे लागली पाहिजेत. पहिल्या पेल्याला किती वेळ लागला आणि चव कोणत्या बाजूला झुकली ते लगेच कळव, म्हणजे पुढच्या टिचक्या पत्रातूनच ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव