अतितप्त ग्रह बिनकामाचे नाहीत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या अतितप्त ग्रहांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. परंतु त्यांतील बहुतेकींचा शेवट 'तेथे जीवसृष्टी शक्य नाही' या वाक्याने होत असल्याने हे ग्रह नवलाईपुरते आहेत, अभ्यासाला निरुपयोगी आहेत, असा वाचकांचा समज होतो. तो दूर व्हावा म्हणून हा पत्रप्रपंच.

२०१७ मध्ये शोध जाहीर झालेला केल्ट-९बी हा ग्रह पाहा. गुरूच्या जवळजवळ तिप्पट वस्तुमानाचा हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवतीची फेरी दीड दिवसात पुरी करतो आणि त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ४,३०० अंश सेल्सिअस आहे. कित्येक लहान तारेही इतके तप्त नसतात. हा आकडा आवर्जून छापला जातो, पण तो मिळाला कसा हे क्वचितच सांगितले जाते. ग्रह ताऱ्याच्या आड गेला की दोघांच्या एकत्रित प्रकाशातून त्याचा वाटा तेवढा वजा होतो. केल्ट-९बीच्या बाबतीत ही घट जेमतेम एक हजारांश भरली आणि तेवढ्यावरून त्याचे तापमान काढण्यात आले. मला तरी हे त्या तापमानाहून अधिक थक्क करणारे वाटते.

या उष्णतेचा एक मोठा लाभही आहे. गुरूच्या थंड वातावरणात लोहासारखे धातू ढगांच्या कितीतरी खाली राहतात आणि दुर्बिणींना दिसत नाहीत. केल्ट-९बीवर मात्र त्यांची वाफ वरच्या थरांपर्यंत पोहोचलेली असते. २०१८ मध्ये ला पाल्मा बेटावरील दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तेथील लोह आणि टायटॅनियम ओळखता आले, कारण प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात आपल्या ठरावीक रेषा उमटवते आणि वेगाने फिरणाऱ्या ग्रहाच्या रेषा त्यात सरकत जातात, ताऱ्याच्या रेषा मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. थंड ग्रह आपली रासायनिक घडण इतक्या सहज उघड करीत नाहीत.

शिवाय, १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांनी ५१ पेगासी बी हा चार दिवसांत फेरी घेणारा वायुग्रह शोधला, तेव्हा असे महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूरच असतात ही समजूत मोडली. ते इतके जवळ आले कसे, यावर आजही एकमत नाही.

बातमीदारांनी मात्र थोडा संयम पाळावा. वास्प-७६बी या अशाच अतितप्त ग्रहावर 'लोखंडाचा पाऊस' पडतो, असे २०२० मध्ये सर्वत्र छापून आले. प्रत्यक्षात, ग्रहाच्या संध्याकाळच्या कडेला लोहाची वाफ आढळली आणि पहाटेच्या कडेला आढळली नाही, एवढेच निरीक्षण होते. रात्रीच्या बाजूला ही वाफ थंड होऊन पावसासारखी खाली पडत असावी, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होता आणि पुढे इतर स्पष्टीकरणेही मांडली गेली. अशा बातम्यांसोबतच्या रंगीत चित्रांखाली 'कल्पनाचित्र' हा शब्द ठळकपणे छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक