सुरक्षेच्या सूचना आम्हाला कळतील अशा भाषेत द्या : क्रूझ कंपनीला एका कुटुंबाचे तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : जहाजावरील पहिल्या दिवशी सुरक्षा सरावात झालेली हयगय आणि न विचारता बदललेल्या खोल्या

महोदय,

मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा जानेवारीत आमचे कुटुंब आपल्या मुंबई–गोवा–मुंबई सफरीवर आले होते : सासू-सासरे, मी, माझे पती आणि आमची चार वर्षांची मुलगी. सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. कपाशी आणि तुरीच्या शेतात जन्म गेलेल्या माणसाला एकदा समुद्र दाखवावा, म्हणून कापसाचे पैसे हाती येताच आम्ही बुकिंग केले. सफर झाली, सगळे सुखरूप घरी आलो. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण त्या दिवशी जहाजावर काही अघटित घडले असते, तर माझ्या घरची दोन म्हातारी माणसे कुठे जायचे हे न कळता अनोळखी गर्दीत उभी राहिली असती.

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी आम्ही मुंबईला उतरलो आणि टॅक्सीने बॅलार्ड पिअरला आलो. तिथली रांग, सामानाची तपासणी, ओळखपत्रे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. एवढी माणसे चढवायची म्हणजे वेळ लागणारच. म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या कमी होत्या, इतकेच नोंदवते.

काउंटरवर कार्डे हातात पडली तेव्हा कळले की आमच्या खोल्या बदलल्या आहेत. आम्ही शेजारी-शेजारी, समुद्राकडे खिडकी असलेल्या दोन खोल्यांचे जास्तीचे पैसे भरले होते. बुकिंग करताना फोनवरच्या तुमच्या माणसाला मी स्पष्ट सांगितले होते की सासऱ्यांना कमी ऐकू येते आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते आमच्या शेजारीच हवेत. त्याने होकार दिला. पावतीवरही तसेच लिहिले आहे, प्रत सोबत जोडली आहे. प्रत्यक्षात मिळाल्या बिनखिडकीच्या दोन आतल्या खोल्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. विचारले तर उत्तर आले, उपलब्धतेप्रमाणे वाटप होते. पैसे घेताना ही अट कुणी सांगितली नव्हती.

खिडकी गेली याचे वाईट वाटलेच. सासरे काही बोलले नाहीत, पण भिंतीवरच्या पडद्याला हात लावून त्यामागे खिडकी आहे का, हे त्यांनी पाहिले. ते मी विसरणार नाही. पण माझी खरी तक्रार त्याच्या पुढची आहे.

जहाज सुटण्याआधी संकटसमयीचा सराव झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, हे मला तुमच्या खोलीतल्या पत्रकावरून समजले, कारण मला इंग्रजी वाचता येते. जमण्याची जागा खोलीवरून ठरते. खोल्या वेगळ्या मजल्यांवर, म्हणून आमच्या जागाही वेगळ्या निघाल्या. आम्ही तिघे एका टोकाला आणि सासू-सासरे दुसऱ्या टोकाला. माझे पती त्यांच्याकडे जाऊ लागले, तर कर्मचाऱ्याने त्यांचे कार्ड पाहिले आणि ‘तुमची जागा ही नाही’ म्हणून परत पाठवले. त्या मुलाचा दोष मी मानत नाही, त्याला शिकवले तसे त्याने केले. पण एका ज्येष्ठ नागरिकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला जिना उतरणे जड जाते, संकटात लिफ्ट वापरायची नसते, आणि त्यांना हात देणारा मुलगा जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. अशी मांडणी तुमच्या कार्यालयात बसून कुणी तरी केली होती.

सगळ्या सूचना इंग्रजीत झाल्या. शेवटी हिंदीत दोन-चार वाक्ये आली, तीही आभार मानणारी. पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या जीवरक्षक जॅकेटचा पट्टा कसा बांधायचा, कोणत्या जिन्याने वर यायचे, नातलगांना शोधत मागे फिरायचे नाही, ही सगळी माहिती इंग्रजीतच राहिली. खोलीतल्या टीव्हीवरची फीतही इंग्रजीत. रात्री जेवताना सासूबाईंनी मला विचारले, “काय सांगे वं तो पोरगा? काही झालं तं कुठी जाचं आपल्याले?” दुपारभर त्या गप्प होत्या. मनात हीच भीती घेऊन बसल्या होत्या.

जहाज मुंबईहून सुटते. प्रवाशांत अर्ध्याहून जास्त लोक आमच्यासारखे मराठी बोलणारे दिसत होते, नाशिकचे, सोलापूरचे, नागपूरचे. समुद्रातील जीवितरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास म्हणतात तो, त्याची सुरुवात टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली झाली आणि आज १९७४ चा करार लागू आहे. त्यात प्रवाशांना सुरक्षेची माहिती त्यांना कळू शकेल अशा एक किंवा अधिक भाषांत द्यावी, असे म्हटले आहे. मुंबईच्या धक्क्यावरून चढणाऱ्या माणसांना कळणारी भाषा कोणती, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. तुमच्याच स्वागतकक्षात आणि जेवणघरात मराठी बोलणारे कर्मचारी होते. त्यांच्यापैकी एकाच्या हाती ध्वनिक्षेपक दिला असता तरी काम झाले असते.

आम्ही जास्त बाऊ करतो आहोत, असे कदाचित तुम्हाला वाटेल. म्हणून एक आठवण करून देते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकाला धडकले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात प्रवासी चढल्यापासून २४ तासांत सराव घेण्याची सवलत होती. म्हणून नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. एवढी किंमत मोजून आलेला नियम तुम्ही वेळेत पाळता आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना काहीच कळू देत नाही, हे मला पटत नाही. माझ्या वर्गात पहिलीचे पोर आपत्तीच्या सरावात चुकीच्या दाराकडे धावले, तर मी हजेरीवर टिक करून पुढे जात नाही. त्याला हाताला धरून दार दाखवते.

आम्हा विदर्भातल्या माणसांना समुद्र नवा असेल, पाणी नवे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले, नात्यातलेच सगळे. ज्या मुंबई बंदरातून तुमचे जहाज निघते, तिथेच १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि लोक प्राणांना मुकले. त्यामुळे ‘एवढ्या मोठ्या जहाजाला काही होत नसते’ हे तुमच्या कर्मचाऱ्याचे उत्तर मला धीर देऊ शकले नाही.

ते उत्तर मला मिळाले माझ्या मुलीच्या जॅकेटबद्दल विचारल्यावर. खोलीत तीन जॅकेटे होती, तिन्ही मोठ्या माणसांची. बुकिंगच्या अर्जात मुलीचे वय भरले होते. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगात सैल बसते आणि पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघून जाऊ शकते. जहाजावरच्या प्रत्येक मुलासाठी लहान मापाचे जॅकेट असावे, ही त्याच सोलास करारातील अट आहे. मी खोली आवरणाऱ्या मुलाला सांगितले, मग स्वागतकक्षात सांगितले. ‘पाठवतो’ म्हणाले. रात्र झाली तरी आले नाही. पहिली रात्र आमचे जहाज भर समुद्रात होते आणि माझ्या लेकराच्या मापाचे जॅकेट आमच्या खोलीत नव्हते. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर एका पर्यवेक्षक बाईंनी स्वतः आणून दिले, माफी मागितली आणि मुलीला घालून दाखवले. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानते. त्यांनी जे केले ते आदल्या दुपारीच व्हायला हवे होते.

जेवणाबद्दल तक्रार नाही. शाकाहारी जेवण वेगळे होते, वाढणारी मुले अदबीने वागली.

आता माझ्या मागण्या. खिडकीच्या खोल्यांसाठी घेतलेले जास्तीचे पैसे परत करावेत. ते सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी होते आणि त्याबदल्यात कंपनीने काही दिलेले नाही. पुढच्या सफरीवर सवलत देणारे कुपन मला नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक फेरीत सुरक्षेच्या सूचना इंग्रजीबरोबर मराठीत आणि हिंदीत पूर्ण वाचल्या जाव्यात आणि खोलीतले पत्रकही तसेच असावे. वृद्ध, कमी ऐकू येणारे किंवा चालायला त्रास असलेले प्रवासी आणि त्यांचे घरचे लोक यांना जमण्याची एकच जागा द्यावी, खोल्या बदलाव्या लागल्या तरी ही जागा बदलू नये. आणि ज्या खोलीत मूल आहे तिथे त्याच्या मापाचे जॅकेट जहाज सुटण्याआधी पोचलेले असावे. यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च नाही.

तुमच्या ग्राहक क्रमांकावर मी फोन केला होता. तिथे मला ‘फीडबॅक’ म्हणून नोंद घेतल्याचे सांगितले. ही सेवेतील त्रुटीची तक्रार आहे आणि तिची तशीच लेखी नोंद व्हावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. एका महिन्यात आपले लेखी उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून अमरावतीच्या जिल्हा आयोगाकडे अर्ज दाखल करीन. पावती, दोन्ही खोल्यांची कार्डे आणि जॅकेटबद्दल स्वागतकक्षाशी झालेल्या संदेशांच्या प्रती जोडल्या आहेत.

उत्तर मराठीत पाठवावे, म्हणजे सासूबाईंनाही ते वाचून दाखवता येईल.

आपली ग्राहक,
एक शिक्षिका
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती